लहानसहान कटकटी मनावर घेतल्या तेव्हा

घर बदलणं आणि आईचं ऑपरेशन ही दोन्ही मोठी कामं पाठोपाठ आली आणि ती मी न डगमगता पार पाडली. मला थकवलं ते भलत्याच गोष्टींनी. न्हाणीघरातला गळका नळ, लावताना खांद्याने ढकलावं लागणारं बेडरूमचं दार, ऑफिसात शेजारच्या टेबलावर चालणारे लांबलचक फोन, दर काही मिनिटांनी वाजणारा संगणक. कोणाला सांगावं तर ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे सांगणंही सोडलं होतं.

अशात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन माणसांकडून दहा महिने, दर महिन्याला, रोजच्या कटकटींची एक प्रश्नावली भरून घेतली होती. हरवलेल्या वस्तूंपासून शेजाऱ्यांच्या त्रासापर्यंत ११७ बाबी तिच्यात होत्या. माणसाच्या मानसिक तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला येतो, असं त्यांना आढळलं. ते वाचून मला फार हायसं वाटलं. मग ठरवलं की या गोष्टींकडे काम म्हणून बघायचं आणि एकेक हातावेगळी करायची.

काही दिवस एक छोटी वही जवळ ठेवली. चिडचिड झाली की कशाने झाली एवढंच लिहायचं, त्यावर विचार करायचा नाही. आठवडाभरानंतर पानं चाळली तेव्हा लक्षात आलं की त्याच त्या चार-पाच गोष्टी पुन्हापुन्हा येत होत्या. दिवसभर सगळंच अंगावर येतंय असं जे वाटायचं, ते खरं नव्हतं. काही गोष्टी माझ्या हाताने दुरुस्त होण्यासारख्या होत्या, काहींसाठी कोणाशी तरी बोलावं लागणार होतं. सोप्या वाटल्या त्या आधी घेतल्या.

नळ पहिला. रात्री थेंब खालच्या भरलेल्या बादलीत पडायचा आणि तो टुप् आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचा. हा आवाज थेंब पाण्यावर आपटल्याचा असतो, असंच मी समजत होते. २०१८ साली केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून हे तपासलं. आपटण्याला जवळजवळ आवाजच नसतो. थेंब पडल्यावर पाण्यात खळगा पडतो, तो भरून येताना तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो आणि त्या बुडबुड्याच्या कंपनामुळे पाण्याचा पृष्ठभाग हलून तो टुप् उमटतो. पाण्यात भांडी घासायचा साबण घातला की पृष्ठताण कमी होतो आणि आवाज थांबू शकतो, हेही त्यांनी दाखवलं. मी त्याच रात्री बादलीत थोडा साबण टाकला. आवाज गेला! अर्थात गळती तशीच होती, पण तेवढी झोप मिळाली.

खरी दुरुस्ती सुट्टीच्या दिवशी केली. नळ घट्ट पिळला की गळणं थांबतं म्हणून घरात सगळेच तो जोर लावून बंद करत होते, आणि त्यानेच आतला वायसर आणखी चेपत होता. आधी त्या खोलीचा मुख्य कॉक बंद केला आणि नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाकलं. खालच्या जाळीवर फडकं पसरलं, कारण स्क्रू निसटून मोरीत गेला की काम तिथेच अडतं. मुठीवरची टोपी उचकटून आतला स्क्रू काढला. नळाचा मुलामा खरवडू नये म्हणून पान्याच्या जबड्यात कापड धरलं आणि आतला दांडा फिरवून बाहेर घेतला. त्याच्या टोकाला रबरी वायसर होता, मधोमध गोल खाच पडलेला आणि एका कडेला चिरलेला. तो हातात घेऊनच दुकानात गेले, म्हणजे मापाची चूक होणार नाही. नवा बसवण्यापूर्वी आत बोट फिरवून वायसर टेकतो ती बैठक गुळगुळीत आहे ना हे बघावं. ती खडबडीत असेल तर नवा वायसरही लवकर झिजतो. स्वयंपाकघरातला नळ पाव फेऱ्यात उघडणारा आहे. तसल्या नळात बहुधा वायसर नसतो, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खं बदलावं लागतं.

दाराला फार वेळ लागला नाही. लाकूड दमट हवेत ओलावा धरतं आणि फुगतं, तेही मुख्यतः रुंदीत, उंचीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार बहुतेक कुलपाच्या बाजूला घासतं. चौकटीला खडू फासून दार लावलं की नेमकी जागा दारावर उमटते. हवा कोरडी झाल्यावर तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासला आणि उघडं पडलेलं लाकूड रंगाने बंद केलं. रंग लावायचा कंटाळा करू नये, नाहीतर तिथूनच पुन्हा ओलावा शिरतो.

ऑफिसची गोष्ट अवघड होती, कारण तिथे पाना चालत नाही. शेजारी बसणाऱ्या ताई माझ्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठ्या. त्या मोठ्याने बोलत नाहीत, तरी त्यांचा फोन सुरू झाला की मला एक परिच्छेद धड लिहिता यायचा नाही. पलीकडे चार जण आपसात गप्पा मारत असले तर मात्र काही वाटायचं नाही. यालाही कारण आहे. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, संभाषणाची एकच बाजू कानावर पडणाऱ्या लोकांचं लक्ष जास्त विचलित झालं. दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तसं होत नव्हतं. पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून मन तिकडेच ओढलं जातं.

हे कळल्यामुळे बोलणं सोपं झालं. दोष त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता. दुपारी काम हलकं असताना मी त्यांना म्हटलं, ‘ताई, तुमच्या आवाजाचा त्रास नाही. पण एकच बाजू ऐकू येते आणि माझं डोकं दुसरी बाजू जुळवत बसतं.’ त्या चटकन म्हणाल्या, ‘अगं, मग आधीच सांगायचंस ना!’ आता लांबणारे फोन त्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत घेतात. बसल्या जागी घेतले तर मी हेडफोन लावते. मनात महिनोन्महिने साठवलेली गोष्ट दोन मिनिटांत मिटली.

संगणकाच्या आवाजांसाठी कोणाला विचारायचीच गरज नव्हती. सगळ्या सूचना बंद केल्या आणि ईमेल बघायच्या वेळा ठरवून घेतल्या. दिवसातून तीनदाच ईमेल बघणाऱ्या लोकांचा ताण कमी झाल्याचं २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं होतं. पहिले काही दिवस हात आपोआप तिकडे जायचा. तातडीचं असेल तर फोन करा, असं सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कोणाचं काम अडलं नाही.

सगळ्यात शेवटी ठेवला होता तो वरच्या मजल्यावर रात्री सरकणाऱ्या खुर्च्यांचा आवाज. १९७२ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी आवाजावरच्या त्यांच्या प्रयोगांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांतल्या एका प्रयोगात काही लोकांना एक बटण दिलं होतं. फारच असह्य झालं तर ते दाबून आवाज थांबवता येईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी नंतरच्या कामात बटण नसलेल्यांपेक्षा त्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी ते जास्त वेळ सोडवत बसले. मला तसं एक बटण हवं होतं. वर जाऊन काकूंशी बोलले. खुर्च्यांच्या पायांखाली लावायच्या फेल्टच्या चकत्या सोबत नेल्या होत्या, त्या आम्ही दोघींनी बसून लावल्या. निघताना त्या म्हणाल्या, ‘तरी आवाज आला तर सरळ फोन कर, संकोच करू नकोस.’

आवाज पूर्ण गेलेला नाही. कधी पलंग सरकतो, कधी काहीतरी पडतं. पण फोन करता येईल हे ठाऊक असल्यामुळे बहुतेक वेळा मी कूस बदलून झोपते. फेल्टला धूळ लागली की चकत्या निसटतात, म्हणून जादा चकत्यांचं पाकीट काकूंकडेच देऊन ठेवलं आहे.