तुम्ही विचारलेत म्हणून : अनुदान मिळते, मग वर्गणी कशाला?

गेली अकरा वर्षे मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मानद कार्यवाह आहे. गाव सांगली जिल्ह्यातले, पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे. उसाची बिले बँकेत जमा झाली की कार्यकारिणीतले आम्ही चौघे-पाच जण पावतीपुस्तक घेऊन निघतो, आणि दर दोन-चार घरांआड एकच प्रश्न ऐकतो : "बाई, सरकार तुम्हाला अनुदान देते ना? मग पुन्हा आमच्याकडे वर्गणी कशाला?" मी तीस वर्षे शाळेत शिकवले असल्यामुळे विचारणाऱ्यांपैकी निम्मे माझे विद्यार्थी असतात, त्यामुळे प्रश्नाला धार नसते, पण तो टाळण्यासारखाही नसतो. ओसरीवर उभ्याने दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे.

अनुदान मिळते, हे खरेच आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला आणि त्याखालच्या 1970 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क आणि ड अशा वर्गवारीप्रमाणे सहायक अनुदान मिळते. ते दोन हप्त्यांत येते, त्याचा साधारण निम्मा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी असतो, आणि हिशेब तपासून घ्यावे लागतात. 2022 मध्ये, जवळजवळ दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, या रकमेत 60 टक्के वाढ झाली. तिचा आम्हाला आनंद झाला आणि तो व्यक्त करण्यात मला संकोच नाही. तरीही आमच्यासारख्या लहान वाचनालयात ग्रंथपालांचा तुटपुंजा पगार, नवी पुस्तके, वृत्तपत्रे, नियतकालिके, बांधणी आणि वीजबिल एवढे भागवताना ते संपते. ग्रंथालयासाठी वेगळा उपकर, म्हणजे मूळ करावर घेतला जाणारा जादा कर, आपल्या राज्यात नाही. आपल्याच जिल्ह्यात म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलात की कर्नाटक लागते, आणि तेथे मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता, हे आठवले की थोडे चुकचुकल्यासारखे होते. पण तो विषय येथे वाढवत नाही.

मुद्दा असा आहे की अनुदानातून वाचनालय उघडे राहते. जो वाचक स्वतःच्या पायांनी येऊन फळ्यावरची नवी यादी वाचू शकतो, त्याची सोय त्यात होते. जो येऊ शकत नाही, किंवा ही जागा आपल्यासाठी आहे असे ज्याला कधी वाटलेलेच नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा सगळा खर्च गावावर असतो. आमचा पावतीपुस्तकाचा फेरा त्यासाठी आहे.

उदाहरणादाखल आमची ट्रंक घ्या. सुट्टीवर येणारे जवान आणतात तसली ती काळ्या पत्र्याची ट्रंक आहे. एका निवृत्त सुभेदारांनी ती वाचनालयाला दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या पलटणीचे नाव अजून पुसट दिसते. तीत 40 पुस्तके बसतात. दर शनिवारी सकाळी दूध संकलनाचा टेम्पो मळ्यातल्या वस्त्यांवर निघतो, तेव्हा ती कॅनच्या शेजारी ठेवली जाते, अंगणवाडीच्या ताईंकडे उतरते, आणि तीन आठवड्यांनी पुढच्या वस्तीवर जाते. टेम्पोचे मालक भाडे घेत नाहीत. ताई शंभर पानी वहीत देवघेव लिहितात, त्याचे मानधन घेत नाहीत. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1910 नंतर लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात होती आणि तामिळनाडूत मन्नारगुडीजवळ 1931 साली बैलगाडीतून फिरते ग्रंथालय चालले होते. आम्ही बैलगाडीच्या जागी दुधाचा टेम्पो आणला, एवढेच.

परत आलेली ट्रंक रिकामी करणे हे माझे आवडते काम आहे. पुस्तकांवर हळदीची बोटे असतात, क्वचित चहाच्या कपाचे वर्तुळ असते, आणि पानांत खुणेला दुधाची पावती असते. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ), लिटर आणि तारीख असे सगळे तिच्यावर छापलेले असल्यामुळे कोणते पुस्तक कोठवर आणि केव्हा वाचले गेले, हे वाचकाला न विचारताही कळते. एका वस्तीवरून सलग तीन फेऱ्यांत वेगवेगळी पुस्तके विसाव्या-पंचविसाव्या पानावर पावती ठेवूनच परत आली. निवड चुकली असे वाटून आम्ही हलकीफुलकी पुस्तके पाठवली. तीही तशीच परतली. शेवटी मी स्वतः टेम्पोत बसून गेले. पुस्तके नेणाऱ्या पन्नाशीच्या बाईंनी मला ओसरीवर बसवले, चहा दिला आणि सांगितले, "बाई, गोष्ट चांगली असतीया, पर अक्षरं मुंग्यावानी दिसत्यात." त्यांनी डोळे कधी तपासून घेतलेले नव्हते, कारण सुईत दोरा नातवंडे ओवून देत आणि आकडे वाचण्यापुरते भागत होते.

पुस्तक आवडत नाही आणि पुस्तक दिसत नाही, या दोन गोष्टींतला फरक वाचनालयात बसून मला कधीच कळला नसता. गावातल्या चष्म्याच्या दुकानदारांनी पुढच्या महिन्यात एक रविवार दिला आणि वस्तीवर डोळ्यांचे नंबर काढले; ज्यांना फक्त वाचनाचा चष्मा पुरत होता त्यांना तो पडेल किमतीत दिला, आणि दोघींना मोतीबिंदूसाठी मिरजेला पाठवले. तेव्हापासून आमच्या ट्रंकेत 40 पुस्तकांबरोबर वेगवेगळ्या नंबरचे तीन चष्मे असतात. त्यांची नोंद कोणत्या वहीत करायची यावर ग्रंथपालांचे आणि माझे मतभेद झाले; अखेर ते जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टेबल-खुर्च्यांच्या यादीत, गेले. ग्रंथालयशास्त्राचे डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असे एक सूत्र आहे. आमच्या वस्तीवर त्या सूत्राच्या वाटेत चष्मा नसणे आड आले होते.

आता वर्गणीव्यतिरिक्तच्या मदतीविषयी. गावाने दिलेल्या गोष्टींची यादी रुपयांत मांडता येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर पडतात. तेथे महाविद्यालयातल्या मुली आठवड्यातून दोन संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवतात, आणि त्यांना अंधार पडण्यापूर्वी घरी सोडण्याची जबाबदारी तालमीच्या मंडळाने घेतली आहे. सातारा जिल्ह्यात भिलार येथे मे 2017 मध्ये पुस्तकांचे गाव उभे राहिले, तेव्हा 25 ठिकाणी पुस्तके ठेवली गेली आणि त्यांत लोकांची राहती घरेही होती. तेथील पुस्तके आणि कपाटे शासनाची आहेत. परक्या माणसाला आपल्या ओसरीवर बसून दोन तास वाचू द्यायचे आणि तो उठेपर्यंत दार उघडे ठेवायचे, हे मात्र त्या घरांनी स्वतःहून केले, आणि ते कोणत्याही शासननिर्णयाने करून घेता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य निघत असे. ही मूठ आपल्याकडच्या लोकांच्या हाताला जुनी आहे, त्यामुळे ती मागताना मला लाज वाटत नाही.

मदतीच्या नावाखाली येणाऱ्या एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरलेली पोती आमच्या दारात येतात. त्यांत बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके, कालबाह्य स्पर्धा-परीक्षा मार्गदर्शके, दर्शनी पान नसलेल्या कादंबऱ्या आणि लग्नाच्या जुन्या पत्रिकाही असतात. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही म्हणून वाचनालयाला दिलेले पुस्तक हे दान नव्हे. तो आपल्या मनावरचा भार दुसऱ्याच्या कपाटात उतरवणे आहे. सुरुवातीची दोन वर्षे मी भिडेपोटी सगळे स्वीकारले. परिणाम असा झाला की एक संपूर्ण खोली भरली, वाळवी लागली, आणि ती चांगल्या कपाटापर्यंत पोहोचली. आता आम्ही देणाऱ्यासमोरच पोते उघडतो, दहांतली दोन ठेवतो आणि आठ नम्रपणे परत करतो. काही जण रागावतात. एक गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. वडिलांच्या नावाचे कपाट देणाऱ्यांनाही आम्ही आनंदाने होकार देतो. कपाटावर नाव त्यांचे राहील, आत काय ठेवायचे ते ग्रंथपाल ठरवतील, एवढे आधीच लेखी घेतो.

फसलेला प्रयत्नही सांगते. एका शाळेत आम्ही अशीच पेटी ठेवली होती. वर्षाअखेरीला आणायला गेलो तर पुस्तके कोरी करकरीत, क्रमाने लावलेली, आणि पेटीला कुलूप. मुलांनी फाडली तर भरपाई कोण देणार, या भीतीने ती उघडलीच गेली नव्हती. मी स्वतः शिक्षिका असताना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली पदराला बांधून ठेवत असे, त्यामुळे मला कोणाला बोल लावता येईना. चूक आमचीही होती. पुस्तक हरवले तर चालेल, हे आम्ही सांगितलेच नव्हते. आता प्रत्येक पेटीच्या झाकणावर ते ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि हरवलेल्या पुस्तकांची किंमत वर्गणीतून भरून निघते. तुमच्या पावतीवरच्या रकमेतला काही भाग अशा फाटण्या-हरवण्यासाठी खर्च होतो, हे उघड सांगितलेले बरे.

गाव वाचनालयाला आपले मानते की नाही, हे आम्हाला ऑगस्ट 2019 मध्ये कळले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेले. सांगली शहरातल्या दीडशे वर्षे जुन्या नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तके त्या पुरात भिजली. आमच्याकडे पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि वीज गेलेली होती. तळमजल्यापासून शेजारच्या माडीपर्यंत माणसांची साखळी उभी राहिली, आणि विजेरीच्या उजेडात पुस्तके हातोहात वर गेली. साखळीत उभ्या असलेल्या निम्म्याहून अधिक जणांची नावे सभासद-नोंदवहीत नव्हती. खालचे दोन कप्पे राहिलेच. पाणी ओसरल्यावर गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तके विटेसारखी चिकटून बसलेली मिळाली, ती वाचवता आली नाहीत. साध्या कागदाच्या पुस्तकांत मात्र बचत गटातल्या बायकांनी पानाआड पान वृत्तपत्राचे तुकडे घातले, दर दोन तासांनी बदलले, आणि आठवडाभरात त्यांतली बरीच पुस्तके वाचवली. स्वतःच्या घरातला चिखल निघालेला नसताना त्या आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या अकरा जणी सभासद झाल्या. ट्रंकेची फेरी सुरू करण्याचा ठराव त्यांच्यापैकीच एकीने वार्षिक सभेत मांडला : आम्हाला पुस्तके उचलता येतात, मग आमच्या मळ्यातल्या बहिणींना ती का मिळू नयेत, असे ती म्हणाली. माझ्या सुबक भाषणांपेक्षा त्या एका वाक्यावर सभेने लवकर हात वर केले.

अभ्यासिकेबद्दलही विचारले जाते, तेवढे थोडक्यात. स्पर्धा परीक्षा देणारी मुले सकाळी सहापासून तेथे बसतात, बहुतेक जण स्वतःचीच पुस्तके वाचतात, आणि त्यांच्या शुल्कातून छपराची डागडुजी निघते. ती असावी, असे माझे मत आहे. फक्त अभ्यासिका भरली म्हणजे वाचनालय चालले, असा समज होऊ नये. नोकरी लागलेली त्यांतली काही मुले आता दरवर्षी आठवणीने पैसे पाठवतात, आणि ती रक्कम आम्ही मुद्दाम कोप्यांवरच्या मुलांच्या पुस्तकांसाठी वापरतो.

एवढे ऐकून घेतल्यावर बहुतेक जण विचारतात, "मग किती देऊ?" पावती दहा रुपयांचीही फाडता येते आणि तिचा हिशेब हजाराच्या पावतीसारखाच ठेवला जातो. पण या वर्षी मी उलट विचारणार आहे की तुमचा शनिवार मोकळा असतो का. टेम्पोच्या मालकांच्या मुलीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे, दोन शनिवार गाडी मिळणार नाही, आणि ट्रंक दुचाकीवर बसत नाही. सकाळी सातला निघून नऊला परत येता येते. रस्ता शेवटच्या वस्तीपाशी खराब आहे. तेथे चष्म्याच्या त्या बाई राहतात. मागच्या पुस्तकाचा दुसरा भाग त्यांनी मागून ठेवला आहे.