शिरोडा, केरी, आश्वे: बोर्ड घेऊन जाताय तर आधी रापण कधी ओढणार ते विचारा

आधी निकाल सांगून टाकते, कारण बरेच जण शेवटपर्यंत वाचत नाहीत. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला वेळागरच्या बाजूला सकाळी नऊच्या आत सर्फिंगचा बोर्ड घेऊन पाण्यात उतरू नका, तेव्हा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पाण्यात असतं. गोव्यातल्या केरीला तेरेखोल खाडीच्या तोंडाशी तर कधीच नको, सकाळी नको, संध्याकाळी नको, लाट कितीही सुंदर दिसली तरी नको. आश्वे-मांद्रे ठीक. हरमलला गर्दी, शिकणाऱ्यांचे बोर्ड डोक्यावर येतात, पण निदान तिथे काय होणार ते माहीत असतं.

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, मी बोर्डवाली आणि धाकटा भाऊ गरीवाला, म्हणजे गळ टाकून मासे धरणारा. त्याचा बारा फुटी रॉड, ल्युअरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, डबा आणि माझा रॅशगार्ड, म्हणजे सर्फिंगचा अंगाबरोबरचा सदरा, एवढं सामान घेऊन सावंतवाडीला उतरलो. आश्वेला भाड्याने बोर्ड घेतला, आठ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे मऊ फोमचा. देणारा मुलगा म्हणाला, इथे कशाला गर्दीत मरताय, खाडी ओलांडून महाराष्ट्रात जा, चिटपाखरू नसतं तिथे, सगळ्या लाटा तुमच्याच. मोबाईलवर व्हिडिओ पण दाखवला. लांबलचक किनारा, मागे सुरूचं बन, एकटा माणूस मजेत लाट घेतोय. तो व्हिडिओ दुपारचा होता हे सावल्यांवरून कळायला हवं असं भाऊ नंतर म्हणाला, पण भाड्याचा बोर्ड बघताना सावल्या कोण बघतं.

पोहता येतं, लाटांमागे पॅडल करून जाता येतं, रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात ओढणारा प्रवाह, कसा ओळखायचा ते माहीत आहे, असं धरून पुढचं लिहितेय. येत नसेल तर आश्वेलाच शिकवणीचे तास घ्या.

केरीहून फेरीने पलीकडे तेरेखोल, मग रेडीवरून शिरोडा. रस्ता बरा आहे. पहाटे अंधारात निघालो कारण वाऱ्याचं गणित सरळ असतं, सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेचं तोंड स्वच्छ उभं राहतं, आणि दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की सगळ्याची खिचडी. म्हणून सर्फिंगवाल्याला पहाट हवी. पण मासाही पहाटेच कडेला येतो, आणि त्याच शांत पाण्यात होडी सोपी जाते, त्यामुळे रापणवाल्यालाही पहाट हवी आणि गरीवाल्यालाही. जागेचंही तेच. वाळूचा उंचवटा असतो तिथे लाट फुटते, म्हणून आम्ही तिथे. उंचवटा आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट भागात मासा फिरतो, म्हणून ते तिथे. उंचवट्याला जिथे खिंड पडते तिथून पाणी परत समुद्रात जातं, आम्ही त्या पाण्यावर बसून फुकटात मागे जातो आणि तांबोशी, रावस त्याच खिंडीच्या कडेला भक्ष्याची वाट बघत असतात. म्हणजे शंभर मीटरच्या पट्ट्यासाठी तीन गिऱ्हाइकं आणि वेळ एकच. हे मला कुठल्याही सर्फ शाळेने सांगितलं नव्हतं.

आता वेळागरचा प्रसंग. पोचलो तेव्हा किनाऱ्यावर पाच-सहा माणसं विडी ओढत बसलेली, एक होडी वाळूवर. मला वाटलं, बसलेत बापडे. मी उतरले, कमरेएवढी लाट, एक-दोन फार छान मिळाल्या. मागे वळून बघते तर होडी माझ्या पाठीमागून जाळं सोडत चाललेली. रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या लोकांकडे असतो, होडी जाळं सोडत सोडत अर्धगोल घेऊन पुढे जाऊन दुसरं टोक किनाऱ्याला आणते, मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात आणि ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. आधी पाच-सहा दिसलेली माणसं तोवर चाळीस झालेली, कुठून आली देव जाणे. आणि मी त्या अर्धगोलाच्या बरोब्बर आत.

जाळ्याची भीती नाही हो, बोये दिसतात पाण्यावर. भीती दोराची. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात दोर ताणलेला असतो, लाट आली की तो पाण्याखाली जातो, लाट गेली की सटकन वर येतो, कधी गुडघ्याला, कधी छातीला, कधी गळ्याला. बोर्डवर पालथं पडून येणाऱ्या माणसाचा गळा नेमका त्याच उंचीला. ओला, काळपट, मनगटाएवढा वाटला मला, असेल अंगठ्याएवढा. एक काकी पाण्यात कंबरभर उभ्या राहून ओरडत होत्या, "गो बाये, भायर ये! दोर येता, दोर!" मी बोर्डवरून उतरले, बोर्ड उलटा केला, म्हणजे खालचा पंखा, फिन, वर, आणि डुबकी मारून दोराखालून आले. हे लक्षात ठेवा, अडकलात तर हेच करायचं. फिन खाली ठेवून जाळ्यावरून जायचा प्रयत्न केलात तर फिन जाळ्याच्या घरात अडकणार, मागची लाट बोर्ड ओढणार, जाळं फाटणार, आणि मग चाळीस माणसं तुमच्याकडे बघणार. लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधणारी दोरी, आधी सोडा. लीश पायात ठेवून जाळ्याजवळ जाणं मूर्खपणा आहे.

शिव्या पडल्या. थोड्याच. रापणीच्या म्होरक्याने, तांडेल म्हाताऱ्याने, मात्र आवाज न चढवता सांगितलं, "नवानंतर ये. तोपर्यंत थंय सुरूच्या कोपऱ्याक खेळ. आणि उतरूच्या आधी इचार, कोण नाय म्हणूचो नाय." माझी पाण्यातली धडपड आणि आरडाओरडा यामुळे थोडी तारली निसटली असणार, त्यावर तो काही बोलला नाही, शेजारचा तरुण बोलला. बोलणारच. थव्याला जाळ्याने घेरणाऱ्या मोठ्या पर्ससीन नौका बाहेरच्या बाहेर थवेच्या थवे उचलतात, त्यांना इथे सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे, २०१६ चा सरकारी आदेश आहे तसा, पण त्या चार महिन्यांतच रापणीचाही ऐन हंगाम असतो. कडेला जे उरतं त्यावर चाळीस घरं. पलीकडे गोव्यात याच भांडणापायी रापणकारांनी सत्तरच्या दशकात मोठी चळवळ केली, चळवळीचे नेते मतान्ही साल्ढाणांचं नाव तिथे अजून आदराने घेतात, त्यातून १९८० चा मासेमारी कायदा आला. तर ज्यांनी ट्रॉलरशी भांडण घेतलंय त्यांना फोमच्या फळीवरची पुण्याची बाई म्हणजे काय लागून गेली.

मग आम्ही दोघं दोराला लागलो. हात लावला की वाट्यात काहीतरी मिळतं ही तिथली रीत आहे, मी मासे मिळावेत म्हणून नाही, लाज वाटली म्हणून लागले. तळहात सोलवटले. दोर नुसत्या हातांनी ओढायचा नसतो, कमरेने मागे रेलून उलटं चालत जायचं असतं, हे शेजारच्या काकांनी दाखवलं. शेवटी पिशवी वर आली, तारली, बांगडे, थोडे मुडदुशे, आणि फुगलेले केंड, ते पोरं पायाने बाजूला सारत होती. आम्हाला पिशवीभर बांगडे दिले. नऊनंतर पाणी मोकळं झालं आणि दोन तास जे सर्फिंग केलं ना, त्याला तोड नाही, पण त्याबद्दल काय लिहू, लाटा होत्या, मी होते.

एक सूचना, रापण उठल्यावर वाळूत अनवाणी फिरू नका. शिंगाळा आणि केंड टाकलेले असतात, शिंगाळ्याचा काटा मेलेल्या माशाचाही तितकाच वाईट. पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, शेपटीला काटा असलेलं पाखट वाळूत दडून असतं. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं, अर्धा तास तरी, त्याने विष निकामी होतं आणि कळ उतरते. मग डॉक्टर. बर्फ नको.

आता केरी, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाट फार देखणी फुटते आणि लांबून बघताना कुणीही फसेल. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं, पॅडल करून तुम्ही जागच्या जागी राहता, आणि थकलात की थेट बाहेर. एवढं पुरेसं होतं नको म्हणायला, पण त्यात गरीवाले. गावातले लोक हाताने तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टाकतात, त्यांचा त्रास नाही, ते स्वतः उभे असतात, तुम्ही जवळ आलात की शिट्टी मारतात, दोरी ओढून घेतात. त्रास बाहेरून येणाऱ्या हौशी रॉडवाल्यांचा, हो, माझ्या भावाच्या जातकुळीचा. तीन-तीन रॉड स्टँडला लावायचे, टोकाला घंटी, आणि आपण गाडीच्या सावलीत चहा पीत बसायचं. ऐंशी मीटरवर गळाचं वजन, शिसं, पडलेलं, मधली विणलेली बारीक ब्रेडेड लाइन पाण्यात दिसतच नाही. माझ्या लीशमध्ये ती गुंतली, मला वाटलं शेवाळ, हात घातला तर बोटावर बारीक लाल रेघ उठली आणि मग रक्त. मागून लाट, पुढून घंटी वाजली म्हणून मासा लागला समजून कुणीतरी आनंदाने रीळ फिरवतोय. मी ओरडतेय, तो अजून जोरात फिरवतोय! भाऊ धावत जाऊन त्याच्यावर ओरडला तेव्हा थांबला. माफी नाही, वर लाइन तुटल्याचे पैसे मागितले.

म्हणून रॅशगार्डच्या खिशात छोटा लाइन कटर ठेवा, दीडशे-दोनशेला मिळतो. गळ रुतलाच तर उलटा ओढू नका, आकड्याचा काटा मांस घेऊन येतो. लाइन कापा, गळ तसाच ठेवून दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. किनाऱ्यावर रॉड दिसला की टोक कुठे रोखलंय ते बघा, लाइन त्याच दिशेला असते. जायचं असेल तर गरीवाल्याच्या पाठीमागून वाळूवरून चालत जा, समोरून पोहत नाही. दोनशे पावलं सोडून उतरा, आणि प्रवाह तुम्हाला ज्या बाजूला नेतो त्या बाजूने उतरा, नाहीतर दहा मिनिटांत वाहत परत त्याच्याच समोर.

रॉडवाल्यांनो, तुम्हालाही. रॉड सोडून जाऊ नका. स्टँडला एक रंगीत कापड बांधा, पाण्यातून दिसतं. कापलेली लाइन खिशात घाला, वाळूत नको. आणि सर्फिंगवाला हाकलायला त्याच्या अंगावर शिसं भिरकावणारे महाभाग असतात, तसे असाल तर घरीच राहा.

भरतीची वेळ ॲपवर बघा. तिथीवरून काढणाऱ्यांसाठी, तिथीला तीनने गुणून चारने भागायचं गणित मुंबईचं, इथे भरती साधारण तासभर आधी येते. पुनव-अवसेच्या उधाणात केरीकडे नुसतं बघू पण नका, भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, पाणी मऊ असतं पण लाटही मऊ. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद म्हणून किनारा मोकळा मिळेल असा हिशेब कुणी करत असेल तर सोडा, त्या समुद्रात उतरायचंच नसतं.

तमिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवलमला मच्छिमारांचीच पोरं सर्फिंग करतात, जाळं कधी पडणार हे त्यांना घरीच कळतं. आपल्याकडे ते होईपर्यंत विचारावं लागेल. संध्याकाळी पोचून तांडेलाचं घर विचारा, "काका, उद्या रापण कधी आणि कुठपासून कुठपर्यंत" एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे.

मांद्र्याचे दिवस चांगले गेले.

राहिलं बोर्डाचं. परत करताना त्याच छातीठोक मुलाने फिनचा बॉक्स तडकलाय म्हणून ३,५०० रुपये मागितले, जो घेतानाच तडकलेला होता आणि ज्यात त्याने स्वतः गोंद भरलेला दिसत होता. घासाघीस करून १,२०० वर आणलं, तेही द्यायला नको होते पण गाडी चुकत होती. बोर्ड घेताना फिनबॉक्स, लीशची गाठ आणि बोर्डाच्या दोन्ही कडा त्याच्यादेखत व्हिडिओत घ्या, त्याचा आवाज पण त्यात यायला हवा. अनामत रोख देऊ नका, ओळखपत्र ठेवून घेऊ देऊ नका. आणि चिटपाखरू नसतं म्हणाला तर विचारा, किती वाजता?