चाकाच्या खुर्चीवरून सेवाग्राम, पवनार, आनंदवन

मार्गशीर्षात आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते, घरात कोणालाच फुरसत नसते. तरी भाच्यानं दोन दिवस काढले, मायनं भाकरी-ठेचा बांधून घेतला आणि राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही तिघं निघालो. विहिरीच्या बांधकामावरून पडून माझा मणका मोडला त्याला नऊ वर्षं झाली. कमरेखाली ताकद नाही, जाणीवही नाही. या नऊ वर्षांत दवाखाना सोडून बाहेर मुक्काम असा केलाच नव्हता. माझ्यासारखे अनेक जण गावोगावी ओट्यावर बसून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी गाडीचं. नातेवाईक हौसेनं मोठी उंच गाडी आणतात. नको म्हणा. त्या सीटवर दोघांनी उचलून टाकल्याशिवाय बसता येत नाही. साध्या छोट्या कारची पुढची सीट साधारण खुर्चीच्याच उंचीला येते. मधे गुळगुळीत घासलेली सागाची फळी टाकली की मी आपला आपण सरकतो. फळी गावच्या सुताराकडून करून घेतली. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ज्यांना पायऱ्या चढता येतात त्यांनी ती जरूर घ्यावी.

वर्धा नदीचा पूल ओलांडून दुपारी वर्ध्यात पोचलो, आणि मुक्कामाच्या जागीच फसलो. फोनवर विचारलं होतं, "व्हीलचेअर जाईल ना?" उत्तर आलं, "जाईल ना भाऊ, खालीच रूम आहे." रूम खालीच होती, पण दारापर्यंत चार पायऱ्या, आणि बाथरूमचं दार २२ इंच. माझी खुर्ची २५ इंच. दोन पोट्ट्यांनी मला उचलून पायऱ्या चढवल्या. पोरं मनानं चांगली होती, पण एकाचा हात माझ्या काखेतून निसटला आणि पाय उंबरठ्यावर घासला. मला कळलंही नाही. रात्री मायनं पाहिलं तेव्हा घोट्यावर रुपयाएवढं सालटं निघालेलं होतं. ज्यांना जाणीव आहे त्यांचं ते दोन दिवसांत भरतं. आमच्यासारख्यांना अशा जखमेपायी महिना महिना पालथं पडून राहावं लागतं.

म्हणून "जाईल का" असं कधीच विचारू नका. विचारायचं ते असं: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? बाथरूमच्या दाराची रुंदी किती इंच? कमोड आहे का? टेप लावून फोटो पाठवा म्हणायचं, लाजायचं नाही. आणि जाण्याआधी आपल्या खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या रिंगेसकट मोजून पाठ करून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून ते बदललं. आवारात बारीक गिट्टी आहे. तिच्यात खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात, त्यामुळे खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यायची. भाच्याला हे शिकवायला दहा मिनिटं लागली, मग तो सराईत झाला. बापू कुटीपाशी मी अडखळलो, कारण तिथे सगळे चपला काढतात आणि माझ्या चाकांना चिखल होता. मायनं पिशवीतलं ओलं फडकं काढून चारही चाकं पुसली. बाजूला उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "झालं ना बाप्पा, चाकं पुसली म्हंजे चप्पल काढल्यासारखंच हाय." तेव्हापासून ते फडकं मी खुर्चीलाच बांधून ठेवलंय.

आत गेलो नाही, दारातून पाहिलं. पण जे पाहिलं ते मनातून जात नाही. चटई, बैठकीचं मेज, हाताला लागतील अशा वस्तू, भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. सगळं जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मापाचं. नऊ वर्षं मी टेबलं, काउंटर, खिडक्या खालून वर बघत आलोय. इथे मान वर करावी लागली नाही. जवळच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या या पंडितांना आश्रमात ठेवून घेतलं आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. तिथे मी जरा जास्तच वेळ थांबलो.

पवनारला धाम नदीच्या घाटाला पायऱ्या आहेत. नदी वरूनच पाहिली, संत्री खाल्ली, निघालो.

जामच्या चौकावरून वरोऱ्याला वळलो. आनंदवनात आधी फोन करून जा, आवार मोठं आहे. बाबा आमट्यांचं एक मला इथे येईपर्यंत नीट उमगलं नव्हतं: पाठीच्या कण्याच्या आजारानं त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं. तशा अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली ते गाडीत झोपून कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. हातमागाच्या शेडपाशी एक उतार मला जड जात होता. बोटं झडलेले एक काका जवळ आले, पण त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. आधी विचारलं, "मदत करू का? कुठून धरू?" दोन दिवसांत हे विचारणारा हा एकच माणूस भेटला. मी म्हटलं, मागून नुसता टेका द्या. त्यांनी तळव्यानं टेका दिला, बाकीचं मी चढलो.

आता पाण्याचं. बाहेर जायचं म्हटलं की आपण पाणी पिणंच सोडतो, कारण संडासाची खात्री नसते. मग लघवीचा संसर्ग होतो. मी दर चार-पाच तासांनी लघवी काढायला नळी घालतो, गाडीला पडदे लावून. वेळ ठरलेली असली की पाणी पोटभर पिता येतं. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढे वाकायचं, भाच्याच्या मोबाइलला गजर लावला होता. टायर-ट्यूबची गोल गादी वापरू नका, तिनं रक्त अडतं. रात्री पाठ आणि बुडाचे फोटो काढून पाहायचे. आणि जायचं ते कार्तिक ते माघ. मणका वर मोडलेल्यांना मोडलेल्या जागेखाली घाम नीट येत नाही, आणि आपल्याकडचा वैशाख ४५च्या वर जातो.

परत आल्यावर पहिलं काम केलं, घरच्या ओट्याची उंची मोजली. १४ इंच. एक इंच उंचीला एक फूट, म्हणजे १४ फुटांचा उतार हवा. अंगणात सरळ बसत नाही, मधे पाच फुटांची सपाट जागा सोडून तुळशीपाशी वळवावा लागेल. मिस्त्रीनं चुन्यानं रेघ मारली. माय म्हणाली, "वळव, पण माही तुळस हालवू नको."