मनगट मोडलं आणि केसपेपरवरची एक ओळ

चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी पोळ्या लाटते. कामाला लागून दोनच महिने झाले होते. सकाळी भाताचं टोप दोघं जण मोरीकडे नेत होते, तेव्हा पेज सांडली. पेज पाण्यासारखी नसते. कोटा फरशीवर पसरली की दिसत नाही आणि पायही ठरत नाही. कणकेची परात घेऊन मी वळले, स्लीपर सरकली आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकलं होतं. डाव्या हातात परात तशीच धरलेली.

मॅनेजर खासगी दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षात म्हणाले, “मावशी, घरी बाथरूममध्ये पडले म्हणून सांगा. उगाच चौकशी मागे लागते. खर्चाचं आम्ही बघतो.” कळा इतक्या येत होत्या की मी मान हलवली. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी कारखान्यात वीस वर्षं काढलीत. म्हणाल्या, “पगारातून ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कापतात ना? मग घरी पडले का म्हणालीस?” काम करताना इजा झाली तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो आणि हात बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. घरी पडलं तर ते आजारपण. त्याला ७० टक्के, तेही आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. माझे तर दोनच महिने! त्या एका ओळीपायी हातात छदामही पडला नसता.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरसकट कँटीनला गेले. अपघाताच्या वहीत नोंद करा, असं मी म्हणाले. टाळाटाळ झाली, तेव्हा भाचीकडून अर्ज लिहून घेतला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली. टोप धरणाऱ्या दोन्ही पोरांनी साक्षीच्या सह्या केल्या. नोकरीची भीती त्यांनाही होती. त्यांचं हे मी कधी विसरणार नाही. मग कँटीनच्या ठेकेदाराने अपघाताचा रिपोर्ट भरून दिला. डॉक्टरांना खरं ते सांगितलं, त्यांनी कागद दुरुस्त केला. पुढे ईएसआयच्या दवाखान्यातून दर खेपेला सर्टिफिकेट घ्यायचं आणि ईएसआयच्या ऑफिसात द्यायचं. पैसे बँकेत जमा झाले.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. मूठ अजून पुरती आवळत नाही, लाटणं दाबताना कळ येते. म्हणून हातात कायमचा अधूपणा किती राहिला ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी अर्ज केलाय. कँटीनमध्ये भात आता मोरीच्या कट्ट्यालगतच निथळतात, टोप हलवत नाहीत. ते मी मागे लागून करून घेतलं.