घरून आलेल्या पार्सलवर कस्टम्स का लागतं, आणि फॉर्मवर काय लिहायचं

दिवाळी जवळ आली की इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, आईने फराळ आणि साडी पाठवलीय, गिफ्ट आहे असं वर लिहिलंय, तरी कस्टम्सवाले पैसे कसले मागतायत? मी जर्मनीत न्युरेनबर्गला राहते, आणि घरून वर्षभर काही ना काही येतच असतं, कधी गोडा मसाला, कधी दिवाळी अंक, कधी भाच्यांनी काढलेली चित्रं. दर वेळी तुकड्यातुकड्यात टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. यातलं बरंचसं जर्मनीपुरतं आहे. 45 आणि 150 युरोच्या मर्यादा बाकी ईयूमध्येही आहेत, पण व्हॅटचा दर प्रत्येक देशात वेगळा.

आधी ते 45 युरो. भारतातल्या एका व्यक्तीने इथल्या एका व्यक्तीला, पैसे न घेता, अधूनमधून, घरगुती वापरासाठी पाठवलेली वस्तू 45 युरोपर्यंत असेल तर काही लागत नाही. म्हणजे साधारण साडेचार-पाच हजार रुपयांच्या आसपास. त्याच्या वर गेलं की 700 युरोपर्यंतच्या गिफ्टवर सरसकट 17.5 टक्के लावतात. आता यात लोक अडकतात ते "व्यक्तीने व्यक्तीला" या अटीत. आईबाबांनी पैसे भरले पण पार्सल मिठाईच्या दुकानाने किंवा साडीच्या दुकानाने परस्पर पाठवलं, तर कागदोपत्री पाठवणारं दुकान आहे, ते गिफ्ट धरलं जात नाही. प्रेमाने पाठवलंय हे खरं असलं तरी कस्टम्सच्या माणसासमोर फक्त लेबल आणि बिल असतं, आणि त्यावर जे छापलंय तेच तो वाचणार.

गिफ्ट नसेल, म्हणजे आपणच भारतातल्या वेबसाइटवरून मागवलं असेल, तर हिशोब वेगळा. 150 युरोपर्यंत कस्टम्स ड्यूटीची सूट जून 2026 अखेरपर्यंतचीच, पण व्हॅट आहेच, बहुतेक वस्तूंवर 19 टक्के, पुस्तकं आणि बहुतेक खाण्याच्या पदार्थांवर 7 टक्के. पूर्वी 22 युरोपर्यंत व्हॅटही माफ असायचा, ती सूट 1 जुलै 2021 ला गेली आणि तेव्हापासून अगदी पंधरा युरोच्या कानातल्यांवरसुद्धा व्हॅट लागतो. आणि व्हॅट काढताना शिपिंगचा खर्च धरतात हे लक्षात असू द्या. 120 युरोची साडी आणि 25 युरो शिपिंग, तर 145 वर 19 टक्के, 27 युरो 55 सेंट. वरून पोस्टाने आपल्या वतीने कस्टम्सला पैसे भरले त्याचे काही युरो वेगळे, आणि खाजगी कुरियर असेल तर ती फी पंधरा-वीसच्या घरातही जाते. छोट्या पार्सलवर टॅक्सपेक्षा ही फीच जास्त होते, आणि मला खरा त्रास त्याचाच वाटतो, टॅक्सचा नाही. ज्या देशात राहतो तिथला टॅक्स द्यायला हवाच, पण तो बरोबर असावा आणि लागत नसताना लागू नये एवढंच म्हणणं आहे.

काही वेबसाइट खरेदी करतानाच ईयूचा व्हॅट कापून घेतात, ते बिल जपून ठेवा, नाहीतर इथे परत मागतात आणि मग आधी भरलाय हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता घरच्या पार्सलबद्दल, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच की तुमच्या पार्सलचं काय होणार हे इथे, पार्सल जिथे जर्मनीत शिरतं त्या फ्रँकफर्टला नाही, तिकडे आपल्या गावच्या काउंटरवर फॉर्म भरतानाच ठरतं. आणि त्या काउंटरवर आपण आईबाबांना एकटं सोडतो. बाबा जीपीओत जातात, बाहेर कापडात शिवून देणाऱ्याकडून पार्सल शिवून घेतात, आधारची झेरॉक्स देतात, आणि मग तो सीएन 23 चा फॉर्म येतो, काय आहे, किती आहे, वजन, किंमत. मागे रांग असते, समोरचा माणूस घाईत असतो, मग "फूड आयटम्स, गिफ्ट" असं लिहून मोकळे होतात. त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ईयूला मार्च 2021 पासून ही माहिती कॉम्प्युटरवर पार्सलच्या आधी पोचावी लागते, त्यामुळे असं मोघम लिहिलेलं पार्सल अडकायची शक्यता जास्त.

आमच्याकडे एका वर्षी बाबांनी पोस्टाऐवजी घराजवळच्या एका कुरियर एजंटकडून पाठवलं, त्याने पाठवणारा म्हणून स्वतःच्या एजन्सीचं नाव टाकलं आणि घरी केलेल्या चकल्या, भाजणी आणि दोन सुती कुर्ते यांची किंमत मनानेच दुप्पट लिहिली, का तर म्हणे विम्यासाठी बरं असतं. झालं, ना ते व्यक्तीकडून आलेलं राहिलं ना 45 च्या आत राहिलं. मला पत्र आलं की सामान कस्टम्स ऑफिसला आहे, ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा घेऊन या.

इथलं ऑफिस शहराच्या टोकाला, गोदामांच्या मधे. काउंटरवर कटर देतात आणि पार्सल आपणच त्यांच्यासमोर उघडायचं असतं. बाबांनी इतकं घट्ट बांधलेलं की ते कापताना मला फार वाईट वाटत होतं. भाजणीच्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, तपकिरी पीठ, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. ऑफिसर बाई शांतपणे विचारत होत्या हे काय आहे, कशापासून केलंय, मी तांदूळ, हरभरा डाळ, धने असं एकेक सांगत गेले, त्यांनी लिहून घेतलं. कुर्त्यांचं बिल बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं होतं, त्याचं प्रिंट नेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किंमत दुरुस्त केली, आणि पाठवणाऱ्याच्या जागी एजन्सी असल्याने व्हॅट मात्र घेतला. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून फॉर्मचा मजकूर मीच आधी इंग्रजीत टाइप करून बाबांना पाठवते आणि ते तसाच्या तसा उतरवतात. "फूड आयटम्स" नाही, तर तांदळाच्या पिठाच्या चकल्या, 500 ग्रॅम, इतके रुपये. सुती कुर्ता, एक नग, इतके रुपये. जमलं तर सहा आकडी एचएस कोड, म्हणजे त्या प्रकारच्या वस्तूचा कस्टम्ससाठीचा नंबर. पाठवणारा म्हणून बाबांचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता. घरी केलेल्या पदार्थाला बिल नसतं, तिथे सामानाचा खर्च धरून खरी वाटेल अशी किंमत घालायची. आणि प्रत्येक पिशवीवर आतल्या पदार्थाचं नाव इंग्रजीत, पीठ आणि मसाल्यांवर तर नक्कीच. साडी आणि बिल एकत्र ठेवा. साडीची किंमत शंभर रुपये लिहा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती साडी बघून कुणीही ओळखतं, मग कस्टम्सवाले स्वतः किंमत ठरवतात आणि चुकीची माहिती दिली म्हणून वरचा त्रास वेगळाच.

काही गोष्टी मात्र किंमत कितीही कमी असली तरी येऊच शकत नाहीत. पेढे, तूप, खवा, म्हणजे दुधाचे पदार्थ भारतातून पार्सलने चालत नाहीत, मांसाचे तर नाहीतच. ताजा कढीपत्ता, तुळशीचं बी, आंबे यांना 14 डिसेंबर 2019 पासून वनस्पती आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं, त्यातून फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन सुटलेत. म्हणजे नारळ चालतो आणि आंबा नाही. आणि औषधं! आईला वाटतं की इथल्या डॉक्टरकडे वेळ लागतो म्हणून गोळ्या आणि आयुर्वेदिक चूर्ण पाठवावं, पण औषधं पोस्टाने मागवणं इथे खाजगी माणसाला चालत नाही. येताना बॅगेत स्वतःपुरती आणता येतात, तेवढंच. आईला हे समजावणं सगळ्यात अवघड जातं.

दिवाळी अंकांचं चांगलं आहे. पुस्तकांवर ड्यूटी शून्य आणि व्हॅट 7 टक्के, त्यामुळे अंक आणि फराळ एका खोक्यात घालू नका, वेगळे पाठवा.

अमेरिकेतल्या लोकांसाठी हे लागू नाही, तिकडे 800 डॉलरपर्यंतची सूट 29 ऑगस्ट 2025 ला संपली, फक्त 100 डॉलरपर्यंतच्या खऱ्या गिफ्टची राहिली. आणि इथेही 150 युरोची ड्यूटीची सूट काढायचं ईयूच्या अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये मान्य केलंय, तेव्हा ऑनलाइन मागवायच्या आधी त्या दिवशीचा नियम कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या.

अजून एक, पार्सल अडकलंय, एक युरो नव्व्याण्णव भरा असा लिंकसकट एसएमएस आला तर तो डिलीट करा. कस्टम्स असे मेसेज करून लिंकवर पैसे घेत नाही. घरचं पार्सल वाटेत असतं त्याच दिवसांत असा मेसेज येतो आणि माणूस काळजीपोटी क्लिक करतो, विशेषतः नवीन आलेली मुलं.

आणि जास्त पैसे लावलेत असं वाटलं तर गप्प बसू नका. जी नोटीस मिळते त्यावर एक महिन्याच्या आत हरकत घेता येते, फी लागत नाही. साध्या जर्मनमध्ये चार ओळी, खरी किंमत दाखवणारं बिल, फॉर्मची कॉपी, नोटिशीचा नंबर. म्हणून बाबांना सांगून ठेवा की काउंटरवरून निघायच्या आधी भरलेल्या फॉर्मचा आणि पावतीचा फोटो काढून पाठवा.