खोडाला चिकटवलेली फळे
चॉकलेटच्या संग्रहालयात शिरताच मुलांनी चाखायला काय मिळणार याची चौकशी सुरू केली, हे सांगायला नकोच. मात्र कोकोची फळे थेट खोडावरच लगडलेली पाहून धाकटी तिथेच रेंगाळली; ती कोणीतरी चिकटवली असावीत, असा तिचा ठाम दावा होता. गरातल्या बिया आंबवून, वाळवून आणि भाजल्याशिवाय त्यांना चॉकलेटची चव येत नाही, हे फलकावर वाचण्यापेक्षा कडू बी चाखलेल्या थोरल्याच्या चेहऱ्यावरून मला अधिक नीट समजले. इतिहासाची दालने आम्ही भराभर ओलांडली. रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ साली शोधलेल्या, चॉकलेट तासन्‌तास घोटून मुलायम करणाऱ्या यंत्रासमोर मात्र दोघेही (आणि खरे तर मीही) बराच वेळ गप्प उभे राहिलो.