तुम्ही विचारलंत म्हणून : मी कुणाकडून?

माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि सासर शिवाजी पेठेत. एवढं कळलं की कोल्हापूरचा माणूस पुढं नोकरी कुठं, मुलं किती असलं काही विचारत बसत नाही. थेट विचारतो, "मग पाटाकडील-शिवाजी फुटबॉल मॅचला तुम्ही कुणाकडून?" हळदीकुंकवाला विचारलंय, बँकेच्या रांगेत विचारलंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझा आ वासलेला असताना.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, हे खरंच आहे. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ सालचं. पण ज्या तालमींच्या लाल मातीत पैलवान घुमले, त्याच तालमींच्या आणि पेठेतल्या मंडळांच्या नावानं आज फुटबॉलचे संघ उतरतात. माझ्या माहेरची पाटाकडील, शिवाय दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी, सासरचं शिवाजी तरुण मंडळ, आणखी कितीतरी. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमध्ये वरिष्ठ गटातच १६ संघ. आणि मॅचेस सगळ्या एकाच शाहू स्टेडियमवर, त्यामुळं आपलं मैदान, परकं मैदान असला प्रकारच नाही. दोन्हीकडची पोरं त्याच गॅलऱ्यांत, मधे पोलीस. ज्याच्या नावानं संध्याकाळी घसा फोडायचा, त्याच्याकडूनच सकाळी दूध घ्यायचं.

माझा पुण्यातला भाचा लिव्हरपूलचा. का, तर मोबाईलच्या गेममध्ये तो संघ त्याला लागला आणि आवडला. आमच्याकडं आवडीनिवडीचा संबंध येत नाही. तुमचा पाळणा कुठल्या गल्लीत हलला त्यावर ते ठरतं. नायजेरियाचा, गोव्याचा खेळाडू सीझनपुरता येतो, त्याला गल्ली डोक्यावर घेते. पण पेठेतलाच पोरगा समोरच्या संघाकडून खेळायला गेला, तर त्याच्या आईलासुद्धा भाजी घेताना चार शब्द ऐकावे लागतात. त्याला बिचाऱ्याला तिकडं चार पैसे जास्त मिळत असतील, हे कुणी बोलत नाही.

याला आमच्याकडं ईर्षा म्हणतात. बाकी महाराष्ट्रात हा दुर्गुण असेल. कोल्हापुरात "ईर्षेनं खेळला" ही शाबासकी आहे. मला त्या शब्दाची दुसरी बाजूही माहीत आहे. एका वर्षी मॅच सुटल्यावर दगड आला आणि माझ्या भावाच्या कपाळाला चार टाके पडले. दवाखान्यात त्याला नेलं माझ्याच नवऱ्यानं, स्कूटरवर मागं बसवून. परत आणलं ते मात्र गल्लीच्या तोंडापर्यंतच. पट्टी बांधलेला मेहुणा घेऊन तो आत गेला असता, तर पुढचे टाके त्याला पडले असते. असल्या हुल्लडीनं मॅचेस बंद पडतात, आणि मग तीच पोरं 'फुटबॉल वाचवा' म्हणून बैठका घेतात. हसावं की रडावं.

माझं स्थळ आलं तेव्हा बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, माणसं चांगली. मग बराच वेळ गप्प बसले.

"शिवाजी पेठ होय," म्हणाले.

आई म्हणाली, "मग?"

"मग काय नाही. फायनलची तारीख बघून मुहूर्त काढा म्हणावं."

तर, मी कुणाकडून. माणसं दिसली की "दोन्ही आपलेच" म्हणते. ते खोटं आहे, आणि विचारणाऱ्यालाही ते कळतं.

मॅच सध्या यूट्यूबवर लाइव्ह असते. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून ते स्टेडियमवर जात नाहीत, सोफ्यावर मोबाईल नाकाशी धरून बसतात. पण लाइव्ह म्हणायचं एवढंच, ते अर्धा मिनिट तरी मागं असतं. त्यामुळं गोल आधी फटाक्यांना कळतो. फटाके आमच्या गल्लीत वाजले तर शिवाजी. मंगळवार पेठेकडून आवाज आला तर पाटाकडील. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवते, आणि मॅच चालू असेपर्यंत मिक्सर लावत नाही. घरातल्यांना वाटतं, आवाजाचा त्यांना त्रास नको म्हणून.

परवा भाकरी थापत होते आणि लांबून माळ वाजली. लांबूनच. हात थांबला. पीठ तसंच बोटांना. बाहेर सासरे अजून "अरे पास दे, पास दे" करत होते.

"काय गं, हसतीस काय?" पाण्याला आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"कुठं काय," म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली. सासऱ्यांच्या मोबाईलवर बॉल अजून मधल्या रेषेपाशीच होता.